फुलांपुरतं वेल्डिंग

लोखंड माणसाशी कधीही खोटं बोलत नाही.

हे वाक्य माझं आहे. अकोल्यातल्या एका सभागृहात मला शाल, नारळ आणि माझं नाव चुकीचं कोरलेलं स्मृतिचिन्ह देण्यात आलं, तेव्हा उत्तराच्या भाषणात मी ते म्हणालो. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी ते डायरीत उतरवूनही घेतलं. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, की वाक्य साफ चूक आहे. चौतीस वर्षं लोखंड माझ्याशी खोटंच बोलत आलं होतं. मध्येच कधी खरं बोललं असेल, तर ते मला ओळखता आलं नाही. प्राध्यापकांना फोन करून वाक्य परत मागावं असं वाटलं, पण त्यांचा नंबर नव्हता.

माझा धंदा अवजड यंत्रांचे तुटलेले भाग वेल्डिंगनं जोडण्याचा. खिडकीच्या जाळ्या, गेट, गच्चीचे जिने ही कामं मी केली नाहीत. कमी प्रतीची म्हणून नव्हे, मला ती सरळ रेषेत करता येत नसत. माझ्याकडे यायचे ते खडी क्रशरचे जबडे, दालमिलची चाकं, जिनिंगच्या गिअरबॉक्सची कवचं, बोअरच्या गाडीचे खांब आणि अलीकडे गावोगावी दिसणारी पिवळी खोदयंत्रं. कंपनी कोणतीही असो, पिवळं दिसलं की आमच्याकडे त्याला जेसीबी म्हणतात. दुकान अकोल्यात एमआयडीसीच्या टोकाला होतं. दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं. तरी लोक अजून घरी येऊन तुटलेल्या वस्तूंचे फोटो मोबाइलवर दाखवतात, जसे दुसऱ्या घरी नातवंडांचे दाखवतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वेल्डिंग म्हणजे चिकटवणं. तसं नाही. दोन्ही कडा वितळवायच्या, मध्ये तिसरं लोखंड वितळवून भरायचं आणि तिन्ही एकजीव होऊन थंड होतील अशी आशा धरायची. या कामात आशेचा वाटा बराच मोठा आहे. वितळवून भरायचे हे रॉड कोरडे लागतात. ते पापडासारखे असतात, ओल धरली की कामातून गेले. जाड लोखंड आधी तापवावं लागतं, नाहीतर जोड थंड होताना आपणच आपल्याला फाडतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तड्याचं टोक सापडलं पाहिजे. तडा जिथं संपतो तिथं ड्रिलनं एक गोल भोक पाडायचं, म्हणजे तो पुढं सरकत नाही. तुटत्या वस्तूला वाचवण्यासाठी आधी तिला भोक पाडायचं, हे गिऱ्हाइकाला पटवताना माझी निम्मी शक्ती जायची.

एवढं सगळं पाळून काय होतं, ते सांगतो. अमरावतीजवळच्या एका क्रशरचा जबडा मी तीन दिवस खपून जोडला. तापवला, थर देऊन भरला, राखेत पुरून हळूहळू थंड केला. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. अकराव्या दिवशी तो तुटला. जोड शाबूत होता, त्याच्या बोटभर बाजूचं चांगलं लोखंड तुटलं होतं. मालकानं दोन्ही तुकडे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही भाऊ, माह्यंच लोखंड तुमच्या लायकीचं नव्हतं." तो टोमणा होता की माफी, हे मला आजवर समजलेलं नाही.

याउलट अकोल्यातल्या एका दालमिलचं ओतीव चाक. त्यात मी चुकून भलताच रॉड वापरला. चूक कळली तोवर चाक मिलमध्ये फिरायला लागलं होतं. आज तुटेल, उद्या तुटेल म्हणून महिनाभर मी त्या रस्त्यानं गेलो नाही. ते चाक अजून फिरतं आहे. मालक दर दसऱ्याला जिलेबी पाठवतात आणि नवीन लोकांना सांगतात, काम असावं तर असं. मी जिलेबी खातो. दुसरं काय करणार?

त्यामुळे "टिकेल ना?" या प्रश्नाचं उत्तर मला कधीच आलं नाही. मी नुसता खात्री असल्यासारखा चेहरा करायचो. त्या चेहऱ्यावर माझं घर चाललं.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. वस्तू कशी तुटली, हे कळल्याशिवाय कुठून जोडायची ते ठरत नाही, आणि वस्तू कशी तुटली हे आमच्या भागात कोणी सांगत नाही. बार्शीटाकळीचा देवानंद, आमचा देवा, हा त्यातला एक. पस्तिशीचा माणूस, एकच जेसीबी, मालक तोच आणि चालवणाराही तोच. एका सकाळी मशीन घेऊन दुकानात आला. नवाकोरा पिवळा रंग, आरशांना गोंडे, काचेवर देवाचं चित्र. समोरच्या बकेटला उचलणारे दोन लोखंडी हात असतात. त्यातल्या डाव्या हाताला, दोन्ही हात जोडणाऱ्या आडव्या नळीजवळ, तडा गेला होता.

"कसा तुटला?" मी विचारलं.

"काही नाही काका. उभी होती."

"उभ्या उभ्या तुटली?"

"हो ना. मी बाजूले चहा पेऊन राहिलो होतो. आवाज आला, टन्."

"मंग चहानंच तुटली असंन."

तो हसला आणि घाई सांगायला लागला. मशीन उद्या दुपारपर्यंत ठिकाणावर पोचायला पाहिजे होती. तेल्हाऱ्यात एका पुढाऱ्याची मिरवणूक होती. ते कुठल्याशा समितीचे उपाध्यक्ष झाले होते. समिती कशाची ते देवानंदला ठाऊक नव्हतं. बकेटमधून त्यांच्यावर फुलं उधळायची होती. पूर्वी माझ्याकडे यायची ती यंत्रं विहिरी खणायची, नाले खोल करायची. त्यांना फुलं उधळण्याच्या कामावर बढती मिळालेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी ग्राइंडर हातात घेतला आणि देवानंद मध्ये आला.

"काका, तेथं स्वस्तिक हाये."

"मले दिसून राहिलं."

"त्याच्यावर ग्राइंडर मारता?"

"तडा त्याच्या खाली हाये, देवा. तुले तडा बाजूले सरकवता येत असंन तं सरकव."

दर अमावस्येला आणि दसऱ्याला तो त्याच जागी कुंकवाचं स्वस्तिक काढत असे. पाण्यातलं कुंकू पावसानं जातं, म्हणून तेलात कालवलेलं. वर्षानुवर्षं एकाच जागी. शेवटी त्यानं ओलं फडकं आणलं, स्वस्तिक स्वतः पुसलं आणि तो मशीनला हात लावून काहीतरी पुटपुटला. ते इतका वेळ चाललं, की नुसत्या स्वस्तिकाची माफी एवढी लांब नसते, हे माझ्या लक्षात आलं. रंग घासून काढला तर तडा दिसत होता त्याच्या दुप्पट निघाला.

"देवा, आता सांग."

"थोडासा ढकलला होता काका. एक टिप्पर फसला होता."

"भरलेला?"

"मुरूम होता थोडा."

तड्याचं टोक शोधायची एक साधी पद्धत आहे. लोखंड स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचं पातळ औषध फवारायचं. ते तड्यात शिरतं. वरचं पुसून टाकायचं आणि पांढरी पूड फवारायची. आत गेलेला लाल रंग बाहेर झिरपतो आणि पांढऱ्यावर तड्याची लाल रेघ उमटते. ती उमटली तेव्हा देवानंदनं नकळत हात जोडले. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. रेघ एका जागी संपल्यासारखी वाटत होती, आणि तिथून पुढं चार बोटं पुन्हा फिकट लाल उमटत होती. तडा तिथवर गेला होता, की तेलात कालवून वर्षानुवर्षं लावलेलं कुंकू जुन्या ओरखड्यात मुरून आता बाहेर येत होतं? दोघांचा रंग एकच. धुतलं, पुन्हा फवारलं. एकदा फिकट रेघ आली, एकदा आलीच नाही, तिसऱ्यांदा अर्धी आली. भिंग लावून पाहिलं. भिंगातून तेच मोठं दिसलं.

"कुंकूच हाये काका," देवानंद म्हणाला.

"तुले कसं समजलं?"

"मीच तं लावलं."

खरा उपाय होता हात पूर्ण उतरवून तीन दिवस तपासण्याचा. देवानंदकडे उद्याची दुपार होती. मी भोक पाडलं ते रेघ पहिल्यांदा संपली तिथं. पुढच्या चार बोटांचं कुंकू मानलं. हा निर्णय माझा होता, तो त्या वेळीही मला पसंत नव्हता. मग तापवून, कोरडे रॉड वापरून, थर देऊन जोड भरला, वरून आधाराची लोखंडी पट्टी मारली आणि रात्री घाईघाईनं पिवळा रंग फिरवला. काम वाईट झालं नाही.

"टिकेल ना?"

मी नेहमीचा चेहरा केला. मग त्याच्या मशीनचे गोंडे पाहून मलाच राहवलं नाही. "फुलांपुरतं टिकेल. बकेटमंदी माणूस चढवायचा नाही. एकही नाही."

"फुलंच हायेत काका. फुलाले काय वजन असते!"

फुलाला वजन असतं, हे निदान मला माहीत होतं. आमचं घरच फुलाभाजीवर चाललं. तेल्हाऱ्याजवळ आमचा मळा आहे. लहानपणी झेंडूची ओली पोती डोक्यावर घेऊन मी एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेलो आहे. मी लोखंडाकडे वळलो, त्यामागे ती पोतीही होती. मळा आता धाकटा भाऊ वसंता पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला.

"दादा, आज मोबाइलवर लाइव्ह पायजो. मी दिसतो."

"कशात?"

"मिरवणुकीत. नऊ पोती झेंडू आपल्या मळ्यातला हाये. जेसीबीत चढून मीच उधळणार हावो."

कोणाचा जेसीबी, हे मी विचारलं. उत्तर मला आधीच माहीत होतं.

"चढू नको वसंता. मशीन सांधलेली हाये."

"तूच तं सांधली म्हणे. मंग काय भेव?"

"म्हणूनच सांगून राहिलो."

"फुलं आपली हायेत दादा, दुसऱ्याच्या हातानं कावून उधळू? गावात आपल्या नावानं कधी काही उधळलं गेलं हाये का?" आणि त्यानं फोन ठेवला.

देवानंद फोन उचलत नव्हता. मी एसटी धरली. अकोल्याहून अकोट, अकोटहून तेल्हारा. वाटभर मी हिशेब करत होतो. ती बकेट टनभर मुरूम उचलते. नऊ पोती झेंडू, फार तर चार माणसं आणि त्यातला वसंता एकटाच नव्वद किलोचा, तरी तिला ते काहीच नाही. पण हा झाला धडधाकट हाताचा हिशेब. मी सांधलेल्या हाताला चार बोटं कुंकू होतं, नाहीतर चार बोटं तडा. अकोट येईपर्यंत मी ते कुंकू मानायचो. अकोट सोडल्यावर तडा मानू लागलो. रस्ता तोच, लोखंड तेच, नवीन माहिती काही नाही.

पोचलो तेव्हा चौकात फलक होता, त्यावर पुढाऱ्यांचा ट्रकएवढा चेहरा आणि खाली ‘विकासाचे शिल्पकार’. फलकाखालची गटार उघडी होती. डीजे इतका मोठा होता, की पोटात वाजत होता. आणि देवानंदची बकेट आधीच वर होती. दहा-अकरा फुटांवर, फेटे बांधलेली चार माणसं, मधोमध वसंता, कमरेपर्यंत झेंडूत. तो मला पाहून हात हलवत होता. त्याला वाटलं, मी कौतुकानं आलो.

त्या गर्दीत सगळे वर किंवा रस्त्याकडे बघत होते. डाव्या हाताच्या सांध्याकडे बघणारा मी एकटा. जवळ गेलो. जोडावर देवानंदनं झेंडूचा हार घातला होता. मी टायरवर पाय देऊन बॉनेटवर चढलो, हार सरकवला. भोकाच्या पुढं, त्या चार बोटांत, पिवळ्या रंगावर एक बारीक लाल रेघ होती.

हवेत सगळीकडे गुलाल उडत होता. माझ्या चष्म्यावर होता, देवानंदच्या भुवयांवर होता. पण बाकी हातावर तो भुरभुरीत पसरला होता आणि तिथं मात्र रेघेत बसला होता. कुठूनतरी तेल पाझरत असेल, तर पूड अशी रेघेत धरते. तेल तड्यातून येत होतं की जुन्या कुंकवातून? की काल घाईत मारलेल्या रंगाच्या ब्रशचाच तो फराटा होता? मी तळवा टेकवून पाहिलं. लोखंड थरथरत होतं. डीजेमुळे सगळा चौकच थरथरत होता. तेवढ्यात कोणीतरी माझ्या कपाळाला गुलाल फासला. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात त्या क्षणाचा फोटो आला: जेसीबीला हात लावून डोळे मिटलेला मी, आणि खाली ‘ज्येष्ठ कार्यकर्ते भावुक’.

मी केबिनच्या काचेवर हात मारला. "देवा, खाली घे."

"साहेब चौकात आले ना काका! दोन मिनिटं!"

"खाली घे म्हणतो."

"साहेब आल्यावर बकेट खाली? माह्यी इज्जत जाईन! पुढचं नाल्याचं काम जाईन!"

"वरते माह्या भाऊ हाये, देवा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मी बोट ठेवलं होतं त्या रेघेकडे पाहिलं. काल तो म्हणाला होता, कुंकूच आहे. आज त्यानं दांडा हळूच पुढे ढकलला.

बकेट खाली यायला लागली तसा वरून वसंताचा आवाज डीजेवर चढला. "ए! कावून खाली घेऊन राहिला बे! वर घे! साहेब आले!"

साहेब खरोखर आले होते. उघड्या जीपमध्ये उभे, हात जोडलेले, मान वर, डोळे मिटलेले. फुलं अंगावर पडायची वाट पाहत ते तसेच उभ्या उभ्या आमच्यासमोरून गेले. वरून काहीच पडलं नाही. पुढच्या वळणापर्यंत त्यांनी डोळे उघडले नव्हते. नऊ पोती झेंडू आणि माझा भाऊ तोवर जमिनीवर टेकले होते.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी "टिकेल ना" या प्रश्नाला एक स्पष्ट उत्तर दिलं होतं, आणि माणूस सुखरूप खाली आला होता.

"दादा, तू केलं हे?" वसंता बकेटमध्येच उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. "सारं गाव हासून राहिलं. काय झालं व्हतं?"

"तडा हाये."

"कुठी हाये? दाखव मले!"

आणि तो बघायला म्हणून बकेटच्या काठावरून उतरला. काठ जमिनीपासून जेमतेम वीतभर होता. काठावर झेंडूच्या ओल्या पाकळ्यांचा थर होता. वसंताची चप्पल सरकली, तो उजव्या हातावर पडला आणि मला डीजेच्या आवाजातही मनगट मोडल्याचं ऐकू आलं. मोडण्याचे आवाज मला ओळखता येतात. तेवढ्यापुरतं माझ्या अनुभवावर कोणी शंका घेऊ नये.

त्यानंतर त्या जेसीबीचं काय झालं, असं मला विचारतात. काही झालं नाही. नाल्याचं काम देवानंदला मिळालं नाही, दुसरं मिळालं. मशीन अजून चालते. डावा हात तसाच आहे. हात एकदा उतरवून कापून बघू, फुकट करून देतो, असं मी त्याला दोनदा म्हणालो. "चालून राहिली ना काका, कायले कापता?" म्हणजे ते कुंकूच होतं. किंवा तडा होता आणि पट्टीनं धरून ठेवला. किंवा तो आहे आणि अजून आपल्या वेळेची वाट पाहतो आहे. मी गेलो नसतो, तर फुलं उधळली गेली असती आणि वसंता रिकाम्या, कोरड्या बकेटमधून नीट खाली उतरला असता. किंवा अकरा फुटांवरून आला असता. यातलं काय खरं, ते मी पुष्कळ दिवस घोकलं. लोखंडावरची पुस्तकं काढून वाचली. कुंकवाबद्दल त्यांत काही नाही.

वसंता तीन महिने माझ्याशी बोलला नाही. त्यातला दीड महिना प्लास्टर होतं. आता बोलतो. मनगट जरा तिरकं जुळलं आहे, पण पोतं उचलता येतं.

अकोटच्या दवाखान्यात त्याला मीच नेलं होतं. कसं झालं, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी फसलेल्या टिप्परपासून सुरुवात केली. स्वस्तिकापर्यंत आलो, तेव्हा त्यांनी मला हातानं थांबवलं आणि वसंताला विचारलं. तो केसपेपर माझ्याकडे आहे. त्यावर ‘दुखापतीचे कारण’ या शब्दांपुढे डॉक्टरांनी लिहिलं आहे: झेंडू.